जिंकतो की जिंकला? स्पॅनिश भूतकाळ मराठीतून समजून घेऊ

१८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टी शूटआउटमध्ये ४-२ ने हरवून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. माझ्या स्पॅनिशच्या वर्गात तेव्हा कोल्हापूरचा एक मुलगा होता. तालमीच्या संघातून फुटबॉल खेळणारा, मेस्सीचा भक्त. सामना संपल्या संपल्या त्याने आपल्या ग्रुपवर स्पॅनिशमध्ये दोन शब्द टाकले आणि कौतुकाने मलाही पाठवले: ‘गानो आर्खेंतीना’. त्याला म्हणायचं होतं, ‘अर्जेंटिना जिंकली’. पण कोणा स्पॅनिश माणसाने ते जसंच्या तसं वाचलं असतं, तर अर्थ झाला असता, ‘मी जिंकतो अर्जेंटिना’.

चूक एवढीच, की शेवटच्या ‘ओ’वर एक छोटी तिरकी रेघ हवी होती, ती राहून गेली होती. त्या रेघेने ‘मी’चा ‘तो’ होतो आणि वर्तमानाचा भूतकाळ होतो.

स्पॅनिश शिकणारी आपली मुलं भूतकाळाच्या धड्यापाशी आली की अडखळतात. मला वाटतं याचं मोठं कारण म्हणजे आपण स्पॅनिश शिकतो ती इंग्रजी पुस्तकांतून. मनातलं मराठी वाक्य आधी इंग्रजीत नेतो आणि तिथून स्पॅनिशमध्ये. भूतकाळाच्या बाबतीत हा वळसा महागात पडतो. स्पॅनिश ज्या दोन गोष्टींत काटेकोर फरक करते, त्या मराठीही वेगळ्या ठेवते. इंग्रजी मात्र बऱ्याचदा दोन्ही एकाच शब्दात बसवते. म्हणजे जे आपल्याला येतच असतं, तेच वाटेत सांडतं आणि पुढे जाऊन नियम म्हणून पाठ करावं लागतं. इथे आपण सरळ मराठीतून जाऊ.

एक खूण आधी ठरवून घेऊ. ज्या अक्षरावर जोर द्यायचा, त्याच्यापुढे मी ऽ हे चिन्ह लिहिते आहे. उच्चार लॅटिन अमेरिकेतले धरले आहेत. लिहिताना जिथे ‘व’ असतो, तिथेही स्पॅनिश माणूस ‘ब’च म्हणतो, म्हणून मी ‘ब’ लिहिते. बाकी उच्चारांची काळजी नको. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणतात, साधा र आपल्यासारखाच जिभेच्या टोकाने म्हणतात.

आधी धातू काढून घेऊ

मराठीत ‘जिंकणे’मधून ‘णे’ काढलं की ‘जिंक’ हा धातू उरतो. स्पॅनिशमध्ये मूळ क्रियापदाचा शेवट तीनपैकी एका प्रकारे होतो: आर, एर किंवा ईर. गानार म्हणजे जिंकणे, कोमेर म्हणजे खाणे किंवा जेवणे, बिबीर म्हणजे जगणे किंवा राहणे. शेपूट काढलं की गान, कोम, बिब हे धातू हाती येतात. (बिबीर आणि आपला ‘जीव’ हे एकाच जुन्या मूळ धातूचे वंशज आहेत. हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली भावंडं.)

या धातूला ठरावीक प्रत्यय लावत जायचं. जी क्रियापदं धातूत कुठेही मोडतोड न करता हे प्रत्यय घेतात, ती नियमित.

साध्या भूतकाळात, म्हणजे ‘केलं’, ‘झालं’, ‘संपलं’ असं सांगायच्या काळात, ‘आर’ घराण्याची रूपं अशी होतात:

मी जिंकलो: गानेऽ
तू जिंकलास: गानाऽस्ते
तो जिंकला, ती जिंकली: गानोऽ
आम्ही जिंकलो: गानाऽमोस
तुम्ही (मित्रमंडळी) जिंकलात: गानाऽस्तेइस
ते जिंकले, त्या जिंकल्या: गानाऽरोन

‘एर’ आणि ‘ईर’ ही दोन घराणी इथे एकत्र कुटुंबात राहतात, दोघांचे प्रत्यय एकच. कोमेरची रूपं अशी: कोमीऽ, कोमीऽस्ते, कोमिओऽ, कोमीऽमोस, कोमीऽस्तेइस, कोमिएऽरोन. ‘कोम’च्या जागी ‘बिब’ ठेवा, बिबीर तयार. म्हणजे शिकायचे संच दोनच.

पाचवं रूप मुख्यतः स्पेनमध्ये चालतं. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना अशा देशांत ‘तुम्ही सगळे’ म्हणायलाही सहावंच रूप वापरतात. त्यामुळे लॅटिन अमेरिकेतल्या लोकांशी बोलायचं असेल, तर पाचांत काम भागतं.

आदराने ‘तुम्ही’ म्हणायचं असेल तर? स्पॅनिशमध्ये त्यासाठी ‘उस्तेद’ हा शब्द आहे आणि त्याला चक्क ‘तो’चं रूप लागतं: उस्तेद गानोऽ. ऐकायला विचित्र वाटतं, पण ‘सरकारांनी बसावं’, ‘साहेब कधी आले?’ असं समोरच्यालाच तिऱ्हाइतासारखं संबोधून मान देण्याची रीत आपल्याकडेही आहेच. ‘उस्तेद’ हा शब्द मुळात ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा झिजून झालेला आहे, म्हणून त्याचं क्रियापद तृतीयपुरुषी राहिलं.

सहा सहा रूपं पाठ कोण करणार?

वर्गात हे कुणीतरी म्हणतंच. मग मी फळ्यावर ‘बोलणे’ लिहायला सांगते. बोललो, बोलले, बोललास, बोललीस, बोलला, बोलली, बोललं, बोललात, बोलल्या. नऊ झाली, आणि ही आपण कधीही पाठ केलेली नाहीत. स्पॅनिश क्रियापदात लिंग नाही. पुरुष बोलो की बाई, ‘मी बोललो’ आणि ‘मी बोलले’ दोन्हींसाठी आब्लेऽ. तो बोलला आणि ती बोलली, दोन्हींसाठी आब्लोऽ.

रूपावरूनच कर्ता कळत असल्याने मी, तू, आम्ही हे शब्द बहुतेक वेळा गाळतात. ही सवय आपल्याला आहेच. दारातून ‘आलो!’ अशी हाक आली की कोण आलो, असं आपण विचारत नाही.

एकच जागा जरा धूसर आहे. ‘गानाऽमोस’ म्हणजे ‘आम्ही जिंकलो’ही आणि ‘आम्ही जिंकतो’ही. ‘ईर’ घराण्यातही तसंच होतं. संदर्भ फरक सांगतो: आयेर गानाऽमोस, काल जिंकलो.

जोर सरकला की काळ बदलतो

मराठीत जोर इकडचा तिकडे गेला म्हणून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. त्यामुळे आपला कान जोराकडे लक्ष देत नाही, आणि आपल्या मुलांची सगळ्यात पक्की चूक इथेच होते.

गाऽनो: मी जिंकतो. जोर धातूवर.
गानोऽ: तो जिंकला. जोर प्रत्ययावर.

वर्तमानकाळात ‘मी, तू, तो, ते’ या रूपांचा जोर धातूवर असतो. साध्या भूतकाळात तो उठून प्रत्ययावर जाऊन बसतो. वरची सहाही रूपं मोठ्याने म्हणून बघा, ऽ कुठेही धातूवर सापडणार नाही. टेबलावर हाताने ठेका धरून म्हटलं की दोन दिवसांत बसतं. मी वर्गात अजूनही तसंच करून घेते.

आता त्या तिरक्या रेघेबद्दल. तिला ‘तील्दे’ म्हणतात. स्पॅनिशचा नियम असा, की शब्द स्वराने, न् ने किंवा स् ने संपत असेल, तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर गृहीत धरायचा. त्या शब्दात जोर दुसरीकडे कुठे असला, तर त्या जागी तील्दे देऊन सांगायचं. गानाऽरोन न् ने संपतो आणि जोर शेवटून दुसऱ्यावरच आहे, म्हणून रेघ नको. गानेऽ आणि गानोऽ स्वराने संपतात पण जोर शेवटच्या अक्षरावर आहे, म्हणून रेघ हवीच. आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत घोटाळा केला तर शिक्षक लाल शाई काढतात, तेवढाच हा मामला गंभीर आहे.

क्रियापद कर्त्याचंच ऐकतं

इथे मराठी माणसाने स्वतःला थोडं आवरायचं असतं. ‘मी कप जिंकला’, ‘मी शर्यत जिंकली’, ‘मी पदकं जिंकली’. बघा, जिंकणारी मी एकच, पण क्रियापद काय जिंकलं त्याप्रमाणे नाचतं आहे. भूतकाळात आपलं सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं, आणि ‘मुलाने पोळी खाल्ली’ असा कर्त्याला ‘ने’ लागतो.

स्पॅनिशमध्ये असं काही नाही. कप, शर्यत, पदकं, काहीही जिंका, ‘मी’ असेन तर गानेऽ. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, द्राक्षं खाल्ली: कोमीऽ, कोमीऽ, कोमीऽ. माझ्या एका विद्यार्थिनीने दोन पत्रांसाठी क्रियापद अनेकवचनी केलं होतं, ‘मी पत्रं लिहिली’च्या चालीवर. झालं असं, की ‘मी’ने सुरू झालेलं वाक्य ‘त्यांनी लिहिलं’वर जाऊन संपलं. चूक गोड होती, पण ती कुठून आली हे कळल्याशिवाय सुटत नाही.

नकार अगदी सोपा. आपण ‘नाही’ मागे लावतो, ते ‘नो’ पुढे लावतात. नो गानेऽ, मी जिंकलो नाही.

भूतकाळ दोन कशाला हवेत?

आता गाभ्याचा भाग. स्पॅनिशमध्ये घडून गेलेल्या गोष्टी सांगायला रोजच्या वापरात दोन काळ लागतात. एक आपण पाहिला, तो साधा भूतकाळ. दुसऱ्याला मी ‘चालता भूतकाळ’ म्हणते.

देवळाचा गाभारा डोळ्यांसमोर आणा. समई तेवत होती. उदबत्तीचा वास दरवळत होता. बाहेर पाऊस पडत होता. कुणीतरी घंटा वाजवली.

समई, उदबत्ती, पाऊस या सगळ्या आधीपासून चालू होत्या, पुढेही चालू राहिल्या असतील. त्या कधी सुरू झाल्या, कधी थांबल्या, याच्याशी गोष्टीला कर्तव्य नाही. घंटा मात्र वाजली: एक ठोका, सुरुवात आणि शेवट असलेला. समईच्या जातीच्या क्रिया चालत्या भूतकाळात जातात, घंटेच्या जातीच्या साध्या भूतकाळात.

आता घंटेकडेच नीट बघा. ‘त्याने तीनदा घंटा वाजवली’ म्हटलं तर ठोके तीन झाले, तरी मोजून संपले, म्हणून तोकार, वाजवणे, याचा साधा भूतकाळ: तोकोऽ. पण ‘तो रोज सकाळी घंटा वाजवायचा’ म्हटलं की ठोक्यांची मोजदाद सुटली, उरली ती रीत. म्हणून चालता भूतकाळ: तोकाऽबा. क्रिया तीच, घंटा तीच. बोलणारा तिच्याकडे कसा पाहतो, त्यावर काळ ठरतो.

चालत्या भूतकाळाची रूपं साध्यापेक्षाही सोपी आहेत. ‘आर’ घराण्यात: गानाऽबा, गानाऽबास, गानाऽबा, गानाऽबामोस, गानाऽबाइस, गानाऽबान. ‘एर’ आणि ‘ईर’मध्ये: कोमीऽआ, कोमीऽआस, कोमीऽआ, कोमीऽआमोस, कोमीऽआइस, कोमीऽआन. यात ‘मी’ आणि ‘तो’चं रूप एकच असतं, त्यामुळे घोटाळा होईल असं वाटलं तर ‘मी’ किंवा ‘तो’ हा शब्द बोलून टाकावा.

‘कोमीऽआ’ पुन्हा एकदा म्हणा आणि शेजारी जुन्या मराठीतलं ‘तो खाई’ ठेवा. ‘आजी रोज सकाळी नदीवर जाई, परत आल्यावर भाकरी खाई’ हा जो रीती भूतकाळ आपण शाळेत शिकलो, त्याचा ‘ई’ आणि कोमीऽआचा ‘ई’ कानाला एकच लागतात. दोघांचा उगम वेगळा आहे, हा निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवायला असा योगायोग सोन्यासारखा: खाई, कोमीऽआ. राही, बिबीऽआ.

या काळाचं सगळ्यात नेमकं नाव मला आंद्रेस बेयो यांनी दिलेलं वाटतं. हे व्याकरणकार व्हेनेझुएलातल्या कराकसला १७८१ साली जन्मले आणि पुढे चिलीत स्थायिक झाले. तिथे १८४७ साली त्यांनी अमेरिका खंडातल्या स्पॅनिश भाषकांसाठी व्याकरण प्रसिद्ध केलं. त्यात या काळाला त्यांनी ‘कोप्रेतेरितो’ म्हटलं, म्हणजे ‘सह-भूतकाळ’. दुसरी एखादी गोष्ट घडली, तेव्हा तिच्या सोबतीने जे चालू होतं, ते. मेक्सिकोच्या शाळांत आजही हे नाव चालतं. घंटा वाजली तेव्हा सोबतीला समई तेवत होती, हे सगळं त्या एका ‘को’मध्ये आलं.

जाता जाता, गोव्यात १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेलं कुणी घरात असेल, तर त्यांना विचारून बघा. पोर्तुगीजमध्ये ‘जिंकला’ला गान्योऽ आणि ‘जिंकायचा’ला गान्याऽव्हा म्हणतात. दोन बहिणींच्या चेहऱ्यांत असावं तेवढं साम्य आहे.

मराठीची कसोटी

मग कुठे कोणता काळ, हे ओळखायचं कसं? वाक्य मनात मराठीतच म्हणा आणि क्रियापदाचा शेवट ऐका.

‘-ला, -ली, -लं’ ऐकू आलं, तर साधा भूतकाळ. ‘-ायचा, -त असे, -त होता’ ऐकू आलं, तर चालता. मोठं होतं, उंच होता, थंडी होती, अशा वर्णनातल्या ‘होतं’लाही सहसा चालता.

इंग्रजीतून जाणारा इथे फसतो, कारण ‘राहिलो’ आणि ‘राहायचो’ दोन्हींना इंग्रजीत पुष्कळदा एकच क्रियापद पुरतं. ते वाचून स्पॅनिशमध्ये जाताना कोणतं दार उघडायचं, हे कळत नाही. पुस्तकं मग खुणेचे शब्द देतात: ‘काल’ आलं तर साधा, ‘नेहमी’ आलं तर चालता. हे शब्द वाट दाखवतात, पण ठरवत नाहीत. ‘मी नेहमीच पुण्यात राहिले’ असं आयुष्याचा हिशेब करून म्हटलं, तर ‘नेहमी’ असूनही साधा भूतकाळ येतो. मराठी कानाला ते आपोआप कळतं.

पण खूप वर्षं चाललेली गोष्ट ‘चालती’च नाही का?

हा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर ‘नाही’ असं आहे. क्रिया किती वेळ चालली, याने काळ ठरत नाही. तिला कुंपण घातलं की नाही, याने ठरतो. ‘मी दहा वर्षं मिरजेत राहिले’, इथे दहा वर्षांभोवती रेघ ओढून टाकली, हिशेब मिटला: बिबीऽ. ‘मी मिरजेत राहायचे तेव्हा रोज रेल्वेच्या शिट्ट्या ऐकू यायच्या’, इथे आपण त्या वर्षांच्या आत उभ्या आहोत, कुंपण दिसतच नाही: बिबीऽआ.

म्हणूनच चरित्रं साध्या भूतकाळात धावतात. स्पॅनिश साहित्यातले सर्वांत मोठे म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्या सेर्वांतेस यांचं आयुष्य बघा. १५४७ साली आल्काला दे एनारेस इथे नासिओऽ, जन्मले. १५७१ साली लेपांतोच्या आरमारी लढाईत लुचोऽ, लढले, आणि डाव्या हातातलं बळ पेर्दिओऽ, गमावलं. १५७५ साली समुद्रावर पकडले गेले आणि अल्जिअर्सच्या कैदेत पाच वर्षं पासोऽ, घालवली. मग मायदेशी रेग्रेसोऽ, परतले. १६०५ साली ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग पुब्लिकोऽ, प्रसिद्ध केला. कैदेची पाच वर्षं कमी का होती? पण मोजली, मिटली, पुढच्या घटनेकडे निघालो, म्हणून पासोऽ. त्या कैदेत ते रोज काय करायचे, पळून जायचे बेत कसे आखायचे, हे सांगायला बसलो की लगेच चालता भूतकाळ सुरू होईल.

आणि मुलांच्या गोष्टी? त्या सुरू होतात ‘आबीऽआ ऊना बेस’ने, म्हणजे आपलं ‘एक होता...’. हे ‘आबीऽआ’ चालत्या भूतकाळातलं आहे. राजा असतो, राणी असते, सगळं सुखात चालू असतं, आणि मग ‘एके दिवशी’ म्हटलं की पहिला साधा भूतकाळ येऊन आदळतो.

एक क्रियापद मला फार आवडतं, कोनोसेर, ओळखणे. वर्तमानात ‘मी’ म्हणायची वेळ येते तेव्हा ते बिघडतं, पण भूतकाळात अगदी सरळ वागतं. कोनोसीऽआ म्हणजे ‘मी त्याला ओळखत होते’. कोनोसीऽ म्हणजे ‘माझी त्याच्याशी ओळख झाली’. ओळख असणं ही समई, ओळख होणं ही घंटा. मराठी यासाठी दोन वेगळ्या तऱ्हा वापरते, स्पॅनिश फक्त प्रत्यय बदलते.

ही कसोटी कुठे दगा देते

मराठीचा ‘-ला’ फार कष्टाळू आहे. तो भूतकाळाबाहेरही कामं करतो, आणि तिथे त्याच्या मागे गेलं की पाय घसरतो.

आई स्वयंपाकघरातून हाक मारते, ताट वाढलंय. आपण खोलीतून ओरडतो, ‘आलोच!’ अजून खुर्चीतून उठलेलोही नसतो. हे ‘आलो’ होऊ घातलेल्या गोष्टीचं आहे. स्पॅनिशमध्ये इथे ‘येगेऽ’, म्हणजे ‘पोचलो’, म्हटलं तर समोरचा मान वळवून तुम्हाला शोधेल. ते लोक म्हणतात ‘या बोय’, शब्दशः ‘आता जातो’. आपल्याला ‘जातो’ असं म्हणायला जड जातं, पण तिथे तेच म्हणतात.

दुसरी जागा शरीराची. ‘भूक लागली’, ‘तहान लागली’, ‘दमलो बाई’. रूप भूतकाळाचं, पण भूक आत्ता आहे, दमणूक आत्ता आहे. स्पॅनिशमध्ये हे सगळं वर्तमानात: ‘तेंगो आंब्रे’, माझ्यापाशी भूक आहे. तेव्हा ‘-ला’ ऐकू आला की स्वतःला एक प्रश्न विचारायचा, हे घडून गेलं आहे, की आत्ता या क्षणी तसं आहे?

तिसरी जागा ‘केलं होतं’, ‘गेले होते’ची. इथे ‘होतं’ ऐकून चालता भूतकाळ लावू नये. एका भूतकाळाच्याही आधी घडलेल्या गोष्टीचा हा काळ आहे आणि त्याला स्पॅनिशमध्ये ‘आबीऽआ’च्या जोडीने बनणारं वेगळं रूप आहे. आज त्यात शिरत नाही.

रोजची क्रियापदं तर अनियमितच निघतात ना?

पालक आणि विद्यार्थी, दोघेही वैतागून हे विचारतात. असणे, जाणे, करणे, देणे, येणे या क्रियापदांचा साधा भूतकाळ वाकडा आहे, हे खरं आहे. मराठीत तरी ‘जाणे’चं ‘गेला’ आणि ‘करणे’चं ‘केला’ कुठे सरळ आहे? फार वापरली जाणारी भांडी पोचे पडून आकार बदलतात, तसं हे.

पण दुसरी बाजू मोठी आहे. चालत्या भूतकाळात संपूर्ण भाषेत अनियमित क्रियापदं फक्त तीन: असणेचं एक (सेर), जाणे (ईर) आणि पाहणे (बेर). बाकी सगळी शिस्तीत. शिवाय वर्तमानकाळात धातू बदलून छळणारी ‘आर’ आणि ‘एर’ घराण्यातली बरीच क्रियापदं साध्या भूतकाळात शहाण्यासारखी वागतात. पेंसार, विचार करणे, वर्तमानात ‘पिएऽन्सो’ होतं, भूतकाळात मात्र सरळ ‘पेंसेऽ’. आणि भाषेत नवीन क्रियापद आलं की ते बहुधा ‘आर’ घराण्यात नियमितच जन्माला येतं. चॅट करणे, चातेआर. ट्वीट करणे, तुइतेआर. तुम्ही आज शिकलेले प्रत्यय उद्याच्या शब्दालाही लागतील.

काही क्रियापदं कागदावर अनियमित दिसतात आणि कानाला नियमितच असतात. येगार, पोचणे, याचं ‘मी पोचलो’ होतं येगेऽ (ब्युनोस आयरेसमध्ये हेच ‘शेगेऽ’ ऐकू येईल). तोकारचं तोकेऽ. रोमन लिपीत ‘ग’ आणि ‘क’ची अक्षरं ‘ए’समोर आली की उच्चार बदलतात, म्हणून लिहिताना एखादं अक्षर वाढवावं किंवा बदलावं लागतं. देवनागरीत लिहिलं तर अडचणच उरत नाही. मी अशी क्रियापदं आधी देवनागरीत लिहून घेते, मग रोमनमध्ये.

स्पेनमध्ये एक, मेक्सिकोत दुसरं

‘जेवलास का?’ हा आपला रोजचा प्रश्न. मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात विचाराल, ‘कोमीऽस्ते?’ माद्रिदमध्ये आजच्या जेवणाबद्दल विचारायचं तर बहुतेक लोक म्हणतील, ‘आस कोमीऽदो?’, साधारण आपलं ‘जेवला आहेस का?’. स्पेनच्या बऱ्याच भागांत आजच्या, या आठवड्याच्या, अजून न संपलेल्या काळातल्या गोष्टी अशा जोडरूपाने सांगतात आणि कालच्या गोष्टींसाठी साधा भूतकाळ ठेवतात. यात कुणी चूक नाही. पुस्तक एका देशाचं आणि व्हिडिओ दुसऱ्या देशाचे, असं असलं की विद्यार्थी गोंधळतात, एवढंच. तुमचे बोलायचे लोक कुठले आहेत, ते पाहून एक धरा.

मिरजेची चूल

माझ्या एका विद्यार्थिनीने आजीवर काही ओळी लिहून आणल्या होत्या. मूळ मराठी मजकूर असा:

‘आम्ही मिरजेत राहायचो. आजी चुलीवर स्वयंपाक करायची. बाबा रेल्वेत काम करायचे. एका रात्री खूप पाऊस झाला. चूल विझली. आजीने शेजारच्या काकूंना हाक मारली आणि त्यांनी स्टोव्ह दिला. आम्ही रात्री अकराला जेवलो.’

तिने हे आधी इंग्रजीत केलं, मग स्पॅनिशमध्ये. सगळी क्रियापदं साध्या भूतकाळात आली. आजी कोसिनोऽ: आजीने एकदा स्वयंपाक केला. बाबा त्राबाखोऽ: बाबांनी काम केलं आणि ते आटोपलं. प्रत्यय एकूण एक बरोबर होते, एकही तील्दे चुकली नव्हती, पण आजीची वर्षानुवर्षांची चूल एका दिवसाची झाली होती.

मी तिला वही बंद करून तेच मराठीत मोठ्याने म्हणायला लावलं आणि प्रत्येक क्रियापदाला फक्त समई की घंटा, एवढंच विचारलं. राहायचो, समई: बिबीऽआमोस. करायची, समई: कोसिनाऽबा. काम करायचे, समई: त्राबाखाऽबा. पाऊस झाला, इथे ती थांबली. पाऊस तर रात्रभर पडत होता ना? हो, पण तू ‘पडत होता’ म्हणाली नाहीस, ‘झाला’ म्हणालीस. घंटा: योबिओऽ. चूल विझली: से आपागोऽ. हाक मारली: यामोऽ. काकूंनी स्टोव्ह दिला, म्हणजे वापरायला उसना दिला, प्रेस्तार: प्रेस्तोऽ.

शेवटचं ‘जेवलो’ तिने माझ्या आधी म्हटलं, टेबलावर बोट आपटून: सेनाऽमोस. सेनार म्हणजे फक्त रात्रीचं जेवण. ‘पण मॅडम, हे तर ‘आम्ही जेवतो’ असंही होतं ना?’ तिने विचारलं. मी म्हटलं, होतं. मग तिने स्वतःच वाक्याच्या सुरुवातीला एक शब्द घातला, ‘एसा नोचे’, त्या रात्री.